दुर्मिळ सिगार आणि हजार विड्यांचा हिशेब

मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवली यांच्या मध्ये कोपर हे स्थानक आहे. खालून कल्याणकडे जाणारे लोहमार्ग, वरून वसईकडे जाणारा लोहमार्ग, आणि या दोहोंमधल्या जिन्यावरून सकाळ-संध्याकाळ चढणारी-उतरणारी कष्टकऱ्यांची गर्दी, हे कोपरचे रोजचे दृश्य. रात्रपाळी संपवून आलेला एखादा कामगार स्थानकाबाहेरच्या टपरीवर विड्यांचे बंडल मागतो, आणि घराकडे चालू लागण्यापूर्वी त्यातली एक पेटवतो. ती विडी कोणी वळली, कोणत्या गावी वळली, वळणाऱ्या हातांना काय मिळाले, हे त्याला ठाऊक नसते. तशी नोंद त्या बंडलावर नसतेच. छापाचे चित्र, कारखानदाराचे नाव आणि कर्करोगाचा इशारा एवढेच त्यावर असते.

याच तंबाखूच्या दुनियेचे एक दुसरे टोक आहे. क्यूबात एके काळी तयार होणारे आणि आता उत्पादन थांबलेले सिगार जमा करणारा, जपणारा आणि प्रसंगविशेषी त्यांचा आस्वाद घेणारा एक धनिक वर्ग जगभर आहे. लंडन, जिनिव्हा, हाँगकाँग येथे अशा सिगारांचे लिलाव होतात. भारतातील मोठ्या शहरांच्या तारांकित हॉटेलांतही त्यांच्यासाठी वेगळी दालने असतात. कोपरच्या टपरीवरून त्या दालनापर्यंतचे अंतर आगगाडीच्या तासाभराच्या प्रवासाचे असेल. परंतु समाजरचनेच्या दृष्टीने ती दोन वेगळी जगे आहेत. समाजवादी कार्यकर्त्याने या षोकाकडे तुच्छतेने पाहून पुढे जावे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण तसे करणे चुकीचे ठरेल. या षोकात श्रमाच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा गुंडाळलेला आहे, आणि तो उलगडून पाहिल्याशिवाय महाराष्ट्रातील विडी कामगाराचे दैन्यही नीट समजणार नाही.

प्रथम या संग्राहकांना काय हवे असते ते पाहू. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी फेब्रुवारी 1962 मध्ये क्यूबाशी व्यापारबंदी जाहीर केली. त्या बंदीच्या आदेशावर सही करण्यापूर्वी त्यांनी आपले सचिव पिएर सॅलिंजर यांना धाडून आपल्या आवडीचे बाराशे क्यूबन सिगार विकत आणवले, ही हकीकत स्वतः सॅलिंजर यांनीच पुढे प्रसिद्ध केली. बंदीपूर्व काळातील पेट्यांना आज त्यामुळेच मोठे मोल आहे. दुसरा वर्ग डेव्हिडॉफ या नावाच्या क्यूबन सिगारांचा. स्वित्झर्लंडमधील व्यापारी झिनो डेव्हिडॉफ यांच्यासाठी हॅव्हानात हे सिगार वळले जात. दर्जावरून क्यूबाच्या सरकारी कंपनीशी त्यांचे वितुष्ट आले आणि 1990 नंतर ते उत्पादन कायमचे बंद पडले. डनहिल या नावाने हॅव्हानात निघणारे सिगारही त्याच सुमारास बंद झाले. जे पुन्हा कधीच निर्माण होणार नाही, ते आपल्या कपाटात असावे, ही या संग्रहामागची प्रेरणा आहे.

हा संग्रह सांभाळणे हेही एक शास्त्र होऊन बसले आहे. देवदाराच्या पेटीत सुमारे 65 ते 70 टक्के आर्द्रता राखावी लागते. उष्मा वाढला तर तंबाखूतील किडीची अंडी फुटून सगळी पेटी पोखरली जाते. पेटीच्या तळावर कारखान्याची सांकेतिक खूण आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेले असते. जाणकार ती खूण वाचून कोणत्या कारखान्याचा, कोणत्या हंगामाचा माल आहे हे ओळखतो. सिगार ओढताना त्याचे तीन भाग कल्पून पहिल्या भागात कोणता गंध, शेवटच्या भागात कोणता, याची टिपणे ठेवली जातात. चामडे, कॉफी, ओली माती, देवदार असे शब्द त्या टिपणांत वारंवार येतात. हे सारे खोटे आहे असे मानण्याचे कारण नाही. पीनार देल रीओ प्रांतातल्या वुएल्ता आबाखो या भागातील मातीत उगवलेले पान, झाडाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पानांचे प्रमाण, त्यांचे आंबवणे, मुरवणे, यांमुळे चवीत खरोखर फरक पडतो. भीमथडीची ज्वारी आणि दुसरीकडची ज्वारी यांतला फरक ज्याच्या जिभेला कळतो, त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

प्रश्न वेगळाच आहे. या आस्वादकाच्या टिपणवहीत मातीचा गंध येतो, लाकडाचा येतो. मात्र हाताचा गंध येत नाही. एक सिगार वळणारा कसबी कामगार दिवसाकाठी आकारमानानुसार साधारण शंभर सिगार वळतो. कोणतेही यंत्र नाही. एक लाकडी पाट, एक अर्धगोल सुरी आणि बोटांत मुरलेले कसब. हे कसब अंगवळणी पडायला वर्षे लागतात. पेटीवर कारखान्याची खूण असते, महिना असतो, वर्ष असते. वळणाऱ्याचे नाव नसते. डेव्हिडॉफ यांनी 1989 साली आपल्या दर्जाला उतरत नाहीत म्हणून लाखाहून अधिक सिगार जाळून टाकले. व्यापारजगतात या कृतीचे वर्णन दर्जाविषयीच्या आग्रहाचा आदर्श म्हणून झाले. त्या लाखभर सिगारांत एका कामगाराचे किती दिवस होते, याचा हिशेब साधा आहे: दिवसाला शंभर धरले, तर हजार दिवस. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यातली तीन वर्षे एका जाळात गेली. ज्या वस्तूची राख झाली तिचा गौरव आणि जो दिवस राख झाला त्याचे विस्मरण, ही भांडवली बाजारपेठेची जुनीच रीत आहे.

तरीही क्यूबाच्या तंबाखू कामगाराची कहाणी केवळ विस्मरणाची नाही. 1865 साली हॅव्हानाच्या एल फिगारो या कारखान्यात एक नवी प्रथा सुरू झाली. शेकडो कामगार रांगांनी बसून सिगार वळत असताना एका उंच व्यासपीठावर बसलेला वाचक त्यांना वर्तमानपत्र आणि पुस्तके वाचून दाखवी. वाचकाचे वेतन कारखानदार देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून ते देत. कोणते पुस्तक वाचावे हे कामगार मताने ठरवीत. सातुर्नीनो मार्तीनेस या सिगार वळणाऱ्या कामगाराने त्याच वर्षी ‘ला आउरोरा’ हे कामगारांचे पत्र काढले. स्पॅनिश राज्यकर्त्यांना या वाचनाचा धोका लगेच कळला आणि 1866 साली त्यावर बंदी आली. पण प्रथा मेली नाही. ती समुद्र ओलांडून फ्लॉरिडातील की वेस्ट आणि टँपा येथील क्यूबन निर्वासितांच्या कारखान्यांत गेली. होसे मार्ती यांनी 1892 साली क्यूबन क्रांतिकारी पक्ष उभारला तेव्हा त्यांना पैसा आणि माणसे पुरवली ती याच तंबाखू कामगारांनी. टँपाच्या कारखानदारांनी 1931 साली वाचकाला हद्दपार केले आणि त्याच्या जागी रेडिओ आणला, तो उगाच नव्हे. रेडिओ कामगारांच्या मताने चालत नाही.

आज जगप्रसिद्ध असलेल्या मोंतेक्रिस्तो या सिगाराचे नाव अलेक्झांडर ड्युमा यांच्या कादंबरीवरून पडले, कारण ती कादंबरी कारखान्यांत कामगारांची अतिशय लाडकी होती असे सांगतात. ज्या नावासाठी संग्राहक आज हजारो रुपये मोजतो, त्या नावामागे कामगारांची साहित्याभिरुची आहे, ही गोष्ट समाजवाद्यांनी विसरू नये. क्यूबाने 2012 साली वाचकाची ही परंपरा राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केली.

क्रांतीनंतर, सप्टेंबर 1960 मध्ये, तंबाखूचे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे झाले. एल लागीतो येथील वाड्यात स्त्रियांना सिगार वळण्याचे शिक्षण देऊन कोहिबा हा छाप तयार झाला; हा एका काळी पुरुषांनी अडवून ठेवलेला व्यवसाय होता. परंतु येथेही कार्यकर्त्याने डोळे उघडे ठेवले पाहिजेत. कोहिबा प्रथम राष्ट्रप्रमुखांसाठी आणि परदेशी पाहुण्यांसाठी होता. 1982 साली तो बाजारात आला आणि धनिकांचे मानचिन्ह बनला. हॅव्हानात दरवर्षी भरणाऱ्या सिगार महोत्सवात सजवलेल्या पेट्यांचा लिलाव होतो. 2023 सालच्या लिलावात एक कोटी युरोंहून अधिक रक्कम जमा झाली, आणि अशा लिलावाचा पैसा देशाच्या सार्वजनिक आरोग्यसेवेकडे जातो. नाकेबंदीने गळा आवळलेल्या देशाला औषधांसाठी परकीय चलन हवे आणि ते श्रीमंतांच्या व्यसनातून मिळवावे लागते, ही क्यूबाची शोकांतिका आहे. तिला क्रांतीचे वैभव म्हणून मिरवणे जितके चूक, तितकेच तिच्याकडे बोट दाखवून समाजवाद खोटा ठरला असे म्हणणेही चूक. भिंतीवर चे गेव्हारा यांचे सिगार ओढतानाचे चित्र लावून क्रांतिकारकत्व सिद्ध होत नाही, हे मात्र तरुण कार्यकर्त्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता महाराष्ट्राकडे वळू. सिन्नर, सोलापूर, अहिल्यानगर, भंडारा, गोंदिया, नागपूरजवळचे कामठी ही विडीची जुनी केंद्रे. हॅव्हानाचा कामगार दिवसाला शंभर सिगार वळतो. विडी कामगार स्त्रीचा हिशेब हजारावर चालतो. पान कापायचे, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचे, दोऱ्याने बांधायचे; असे हजार वेळा केले की दिवस भरतो. कट्टेवाल्याने किंवा ठेकेदाराने त्यातून ‘छाट’ काढली की तेवढी मजुरी बुडते, आणि छाट म्हणून बाजूला काढलेली विडी फेकली जात नाही, ती वेगळ्या बंडलात विकली जाते. डेव्हिडॉफ यांनी निदान आपली छाट जाळली. इकडे ती विकून दुप्पट नफा करण्याची विद्या आहे.

परंतु विडी कामगाराचे मूळ दुखणे मजुरीच्या दरापेक्षाही खोल आहे. सिगार कामगार एका छपराखाली बसत होता, म्हणून वाचक शक्य झाला, वर्गणी शक्य झाली, पक्ष शक्य झाला. विडीच्या धंद्यात हे छप्परच काढून घेण्यात आले. विडी आणि सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा 1966 साली संसदेने केला. कारखान्यात हवा, उजेड, रजा, कामाचे तास यांची हमी द्यावी लागेल हे दिसताच मालकांनी ठिकठिकाणी कारखाने मिटवून ठेकेदारामार्फत घरोघरी काम वाटण्याचा मार्ग धरला. केरळात कण्णूर येथे मंगळूरच्या मोठ्या कंपनीने 1968 साली कायदा लागू होताच कारखाने बंद केले आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. तेथील कामगार मात्र घरी जाऊन बसले नाहीत. ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचे सरकार असताना फेब्रुवारी 1969 मध्ये त्यांनी केरळ दिनेश विडी ही सहकारी संस्था उभी केली. तिच्या शेडमध्येही एक कामगार वर्तमानपत्र मोठ्याने वाची, आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. हॅव्हाना आणि कण्णूर यांची गाठ कधी पडली नव्हती; तरी एकत्र बसलेल्या श्रमिकांना दोन्हीकडे एकच गोष्ट सुचली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मराठी मुलुखातही याची साक्ष आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत धुरळ्यात दिवसभर राबणाऱ्या हजारो स्त्रिया प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित झाल्या. युगांतर या गटाने त्यांच्या लढ्यावर 1982 साली माहितीपट केला. वखार हे शोषणाचे ठिकाण होते, पण तेथे स्त्रिया एकत्र होत्या, म्हणून संप झाला. त्याच निपाणीत 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर महामार्ग अडवला आणि 6 एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. शेतकरी आणि वखारीतील मजूर स्त्री यांच्या मागण्या एकमेकींना पूरक ठरतील अशी चळवळ मात्र तेव्हा उभी राहू शकली नाही, हे अपयश समाजवाद्यांनी आपल्या पदरी घ्यावे. सोलापुरात नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी दहा हजार घरांची वसाहत कुंभारी येथे मिळवली. तिचा पहिला मोठा हस्तांतर समारंभ 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत झाला. त्या वसाहतीला ठाणे जिल्ह्यात वारली आदिवासींचा लढा उभारणाऱ्या गोदावरी परुळेकर यांचे नाव आहे. घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया एकत्र आल्या तर काय होते, याचे ते उत्तर आहे.

कायद्याची लढाईही क्षुल्लक नव्हती. मालकांनी 1966 च्या कायद्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली फेटाळले. घरी विड्या वळणारी स्त्रीही कामगारच आहे आणि भविष्य निर्वाह निधी तिलाही लागू आहे, हे त्याच न्यायालयाने 1985 साली मान्य केले. 1976 च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून दवाखाने, शिष्यवृत्त्या आणि घरे यांसाठी कल्याणनिधी निर्माण केला. वस्तू व सेवा कर आला तेव्हा 2017 साली तो उपकर रद्द झाला. पुढे 21 नोव्हेंबर 2025 रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि 1966 चा स्वतंत्र कायदा त्यांत विलीन झाला. ज्या कायद्याने ‘घरी काम करणारा कामगार’ ही व्याख्या ठामपणे कागदावर आणली, तोच आता स्वतंत्रपणे उभा नाही. दुर्मिळ सिगाराचे उत्पादन थांबले की जगभर त्याची नोंद होते, त्याची किंमत चढते. दुर्मिळ होत चाललेल्या कामगार कायद्याची किंमत मात्र कोणी वाढवत नाही. ती चळवळीलाच वाढवावी लागेल.

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. तंबाखू माणसे मारते. कोपरहून परळकडे जाणाऱ्या गाडीत टाटा रुग्णालयाच्या कागदांची पिशवी मांडीवर धरून बसलेला माणूस हे काही विरळ दृश्य नाही. मग अशा धंद्यातील रोजगार वाचवण्यासाठी समाजवाद्यांनी का झटावे? याचे उत्तर असे की झटायचे आहे ते कामगारासाठी, विडीसाठी नव्हे. विडीचा खप घटला पाहिजे हे खरे. पण तो घटत असताना भार कोणी सोसायचा, हा राजकीय प्रश्न आहे. मालकाने एका धंद्यातला नफा दुसऱ्या धंद्यात गुंतवावा आणि हजारी दरावर जगणाऱ्या स्त्रीने मात्र उपाशी राहावे, याला आरोग्यनीती म्हणता येत नाही. दिनेश विडीच्या कामगारांनी याचाही मार्ग दाखवला: खप ओसरू लागला तेव्हा त्यांच्या संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या अशा उद्योगांकडे मोर्चा वळवला. सगळ्यांना काम पुरले असे नाही. परंतु धंदा बदलण्याचा निर्णय कामगारांच्या हाती राहिला. गडचिरोलीतील ग्रामसभांनी वनहक्क कायद्याच्या आधारे तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला, त्यातही हेच तत्त्व आहे. व्यसनाविरुद्धची मोहीम आणि पर्यायी रोजगाराची मागणी एकाच पत्रकावर छापली गेली पाहिजे.

शेवटी पुन्हा कोपरकडे यावे लागते. कोपर, दिवा, डोंबिवलीच्या चाळींतून विड्या वळल्या जात नसतील. पण विडीच्या धंद्याने शोधलेली पद्धत तेथे पोहोचली आहे. तयार कपड्यांचे धागे तोडणे, नकली दागिन्यांत खडे बसवणे, पाकिटे चिकटवणे अशी कामे ठेकेदार घरोघरी टाकतो आणि नगावर पैसे देतो. त्यांत हजेरीपट नाही, छाट आहे. मालकाचे नाव नाही, ठेकेदाराचा दूरध्वनी क्रमांक तेवढा आहे. घरगुती कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1996 चा करार भारताने अजून मान्य केलेला नाही. एकेकीने उंबऱ्याआड बसून केलेल्या या कामाला छप्पर नाही, म्हणून वाचक नाही, आणि वाचक नाही म्हणून संघटना नाही.

पक्षाच्या शाखांनी येथून सुरुवात करावी. प्रत्येक वस्तीत कोणती स्त्री कोणासाठी कोणते काम कोणत्या दराने करते याची वही तयार व्हावी. संग्राहक आपल्या सिगाराच्या पेटीची जितक्या बारकाईने नोंद ठेवतो, तितक्याच बारकाईने: महिना, वर्ष, कारखाना, दर, छाट. फरक एवढाच की या वहीत वळणाऱ्या हाताचे नाव पहिल्या रकान्यात असावे. आठवड्यातून एक दुपार या स्त्रियांनी आपापले काम घेऊन शाखेच्या खोलीत, देवळाच्या ओसरीवर किंवा कोणाच्या पडवीत एकत्र बसावे, आणि एकीने वर्तमानपत्र वाचावे. तिच्या वाट्याचे नग बाकीच्यांनी पुरे करून द्यावेत. यासाठी शासनाची परवानगी लागत नाही आणि निधीही लागत नाही.

हॅव्हानाच्या कामगारांनी दीडशे वर्षांपूर्वी यापेक्षा अधिक काही केले नव्हते, आणि स्पॅनिश साम्राज्याला त्याची दहशत वाटली होती. जुन्या पेटीतला शेवटचा सिगार एक दिवस ओढून संपेल. एकत्र बसून वाचण्याची ती रीत मात्र पुन्हा निर्माण करता येते. तिचे उत्पादन बंद पडू देणे हा गुन्हा ठरेल.